शेर को सलाम, खत को काम

मुनीरसर गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा आमच्या जुन्या विद्यार्थिनीच्या, ज्योतीच्या फोनवरून. "बाई, सर गेले," एवढंच ती बोलली आणि मग फोनमधून नुसता तिच्या दुकानातल्या प्रिंटरचा आवाज येत राहिला... कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला निघत असावा. दुसऱ्यांदा कळली ती शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, रीतसर. पेटती समई, गुलाबाची फुलं, वर संस्थेचं बोधचिन्ह, खाली हात जोडलेल्या अध्यक्षांचा फोटो, आणि कोपऱ्यात, आधारकार्डावरून उचलल्यासारखा, सरांचा चेहरा. घाईत बघणाऱ्याला अध्यक्षच गेले असं वाटलं असतं. फोटोखाली मजकूर होता: 'शिस्तप्रिय, सूचनांचे काटेकोर पालन करणारे आदर्श शिक्षक हरपले.' मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. सूचना पाळल्या नाहीत म्हणून ज्या संस्थेनं या माणसाला लेखी ताकीद दिली, तीच संस्था हे लिहीत होती. मेल्यावर माणूस किती लवकर आज्ञाधारक होतो!

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग बाजूला ठेवावा, असं म्हणतात. म्हणून मी काही आठवडे थांबले. राग आहे तिथंच आहे. तेव्हा आता त्याच्यासकट लिहिते.

नळदुर्गच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि मुनीरसर फारसी. शाळेला मराठी आणि उर्दू अशी दोन्ही माध्यमं होती, आणि फारसीच्या तासाला दोन्हीकडची मुलं एकत्र बसायची. वर्ग भरायचा प्रयोगशाळेला लागून असलेल्या जुन्या कोठीच्या खोलीत. अध्यक्षांनी तिथं फीत कापून 'परकीय भाषा कक्ष' अशी पितळी पाटी लावली होती. फोटोसाठी आलेली माणसं आत मावली नाहीत, म्हणून उद्घाटन व्हरांड्यातच झालं. त्या पाटीखाली उभं राहून सर मला म्हणाले होते, "परकीय कोण हो, बाई? तहसीलीतले शब्द जाऊन ऐका. अर्ज माझा, दाखला माझा, जमीन माझी, वारस माझा, शिक्का माझा. साहेबसुद्धा माझाच, फक्त खुर्चीतला माणूस तेवढा तुमचा."

उंच, किंचित वाकलेले, सदऱ्याच्या खिशात कायम तीन रंगांचे खडू. चहा बशीत ओतून, बशी फुंकत प्यायचे आणि तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली तर बशी तशीच माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "सांभाळा, बाई, अमानत आहे." कविता शिकवताना डोळे मिटायचे. माझा वर्ग शेजारीच असल्यानं भिंतीपलीकडून तो आवाज मला ऐकू यायचा. अर्थ कळायचा नाही, पण माझी मुलं व्याकरण थांबवून ऐकायची आणि खरं सांगायचं तर मीही थांबवायचे. एखाद्या शेराशी त्यांचं असं भांडण चालायचं की वाटावं, आत कुणी भाऊबंद आलाय.

पण परीक्षा आली की हाच माणूस बाजारातल्या अडत्यासारखा व्यवहारी व्हायचा. दहावीच्या फारसीच्या प्रश्नपत्रिकेत पाचवा प्रश्न ठरलेला असे: 'अ' म्हणजे एका शेराचं स्पष्टीकरण, 'ब' म्हणजे पत्रलेखन, आणि वर छापलेली सूचना, 'कोणताही एक सोडवा.' फारसीत, खाली उर्दूत आणि मराठीत. मुलं शेराच्या नादी लागायची, पान पान लिहायची, आणि पुढचे प्रश्न राहून जायचे. सरांनी त्यावर तोड काढली. "शेर समजायला उमर लागती, बाई, आणि तपासणाऱ्याचा मूड लागतो. पत्राला दोन्ही लागत नाही," असं ते म्हणायचे. म्हणून वर्गाला त्यांनी एक ओळच करून दिली होती: शेर को सलाम, खत को काम. कवितेला नमस्कार करा, पुढं चला, पत्र लिहा. जे शिकवताना ते डोळे मिटायचे, तेच सोडून द्यायला ते शिकवत होते. त्यातलं दुःख मला कळायचं. मुलांना फक्त मजा कळायची.

रोज तास सुरू होताना सगळ्या वर्गानं साऱ्या प्रश्नपत्रिकेच्या सूचना एका चालीवर म्हणायच्या, असा सरांचा रिवाज होता. पहिला प्रश्न काय, दुसऱ्यात किती सोडवायचे, तिसऱ्याचं उत्तर कुठल्या भाषेत. पाचव्यावर आलं की आवाज चढायचा: "शेर को सलाम, खत को काम!" गणिताचे सर वैतागून म्हणायचे, "मुनीरभाई, वर्ग आहे का कव्वाली?" आणि मुनीरसर त्यांना व्हरांड्यातूनच सलाम ठोकायचे. मुलांनी त्यात स्वतःची भर घातली. सराव परीक्षेत पाचव्या प्रश्नाच्या 'अ'पुढं ती खरोखरच फारसीत एक शब्द लिहायची, सलाम, आणि मग खाली 'ब' सुरू करायची. सर ओरडले नाहीत. त्यांना ते आवडलं असावं. मोठ्या परीक्षेतही हे सलाम जायला लागले. फारसी तपासणारे मुळात थोडे, त्यातले एक म्हातारे परीक्षक वर्षानुवर्षं आमच्याकडच्या उत्तरपत्रिका बघायचे. एकदा कुठल्याशा बैठकीत ते सरांना म्हणाले, "तुमच्या पोरांचे सलाम पोचतात बरं का. माझेही सांगा." सरांनी तो निरोप वर्गात सांगितला. मग काय, विचारूच नका.

ते परीक्षक निवृत्त झाले आणि परीक्षा मंडळाला सुधारणा सुचली. सुधारणा सुचण्याची एक वेळ असते, बहुधा ज्यांना ती भोगायची असते त्यांची तयारी पूर्ण झाल्यानंतरची. परकीय भाषांच्या प्रश्नपत्रिकांतील सूचनांचे सुसूत्रीकरण, असं त्या परिपत्रकाचं नाव. त्याचा अर्थ असा की, सगळ्या परक्या भाषांच्या पेपरांना यापुढं एकाच साच्यातल्या सूचना, सगळ्या वरती एका परिच्छेदात आणि फक्त इंग्रजीत. म्हणजे एका परक्या भाषेच्या परीक्षेत काय करायचं, ते दुसऱ्या परक्या भाषेत सांगायचं. शिवाय पाचव्या प्रश्नातला पर्याय गेला. 'अ' आणि 'ब' दोन्ही सोडवणं सक्तीचं. हे परिपत्रक संकेतस्थळावर चढवलं गेलं तेव्हा आमच्याकडे सराव परीक्षा संपून मुलं घरी अभ्यासाला बसली होती. शाळेच्या हाती ते पडलं पेपर होऊन गेल्यावर.

पेपरच्या दिवशी काय झालं असेल, ते सांगायला नको. ज्या मुलांना सूचना झोपेतही म्हणता येत होत्या, ती सूचना वाचणार कशाला? वरचा इंग्रजी परिच्छेद त्यांनी, आपण सगळे औषधाच्या पुडीतला कागद सोडतो तसा, सोडला. पाचवा प्रश्न आला. 'अ'. सगळ्या वर्गानं लिहिलं, सलाम. आणि सगळ्या वर्गानं आजारी मित्राला सुंदर पत्र लिहिलं.

बाहेर आल्यावर मुलं खूश होती. सरांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, वरचा परिच्छेद वाचला, आणि मी पहिल्यांदाच त्यांना भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलं. मुलांना त्यांनी घरी धाडलं. मला म्हणाले, "मार्क जातील, बाई. जाऊ देत. बाकीचा पेपर चांगला आहे." त्यांना वाटलं, नुकसान तेवढंच.

निकाल लागला त्या दिवशी आमच्या फारसीच्या सगळ्या मुलांपुढं 'राखीव' असा शिक्का होता. कारण कळलं ते नंतर, पत्रानं: सामूहिक कॉपीचा संशय, आणि उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशी खूण केल्याचा आरोप. एका केंद्रावरच्या सगळ्या मुलांनी एकाच जागी एकच चूक केली, एकच शब्द लिहिला. कॉपीशिवाय हे कसं शक्य आहे? शहाण्या माणसांच्या डोक्यात हा प्रश्न आला, आणि त्याचं दुसरं काही उत्तर असू शकेल असं त्यांना वाटलं नाही. आपल्या भागातली मुलं म्हटल्यावर त्यांना ते वाटायची गरजही नसते. आमच्या मुलांना कमी मार्क मिळाले तर ती मागास, आणि जास्त मिळाले तर कॉपी.

मंडळाच्या कार्यालयात सुनावणीला बोलावलं. पालकांनी एक क्रूझर गाडी ठरवली, मुलं मांडीला मांडी लावून बसली. मुलींच्या सोबतीला बाईमाणूस हवं, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवलं, आणि त्यामुळं सर दाराबाहेर उभे असताना मी आत बसून ते सगळं ऐकलं. चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पितळी नामफलक, काचेचा पेपरवेट, काजूची बशी. फारसी त्यांना येत नव्हती. मोबाइलवर त्यांनी त्या शब्दाचा अर्थ काढून ठेवला होता.

ज्योतीला आत बोलावलं. वसंतनगर तांड्याकडची मुलगी, दोन वेण्या, हातात प्लास्टिकची पिशवी.

"हे काय लिहिलंय?"

"सलाम, सर."

"कुणाला?"

"शेराला."

साहेबांनी मान वर केली. "शेराला म्हणजे?"

"कवितेला, सर. कवितेला सलाम करायचा अन् पत्र लिहायचं."

"नाव काय म्हणालीस?"

"ज्योती राठोड."

"राठोड? आणि फारसी?" त्यांनी शेजारच्या बाबूकडं बघितलं. बाबू हसला. "का गं, संस्कृत नव्हतं शाळेत?"

"हाय की. पण त्येचा तास शेवटचा असतो. तांड्याची गाडी चुकती."

"आणि ही खूण करायला कुणी सांगितलं? खरं सांग. कुणी दबाव आणला का?"

त्या 'कुणी'मध्ये काय होतं, ते मला कळलं. ज्योतीलाही कळलं असावं. ती पिशवीचे बंद पिळत राहिली आणि म्हणाली, "कुनी न्हाय, सर. आमी रोजच करतो."

मग सरांना आत घेतलं. खुर्ची दिली नाही.

"तुम्ही मुलांना प्रश्न सोडून द्यायला शिकवता?"

"'कोणताही एक' असं तुमच्याकडूनच छापून यायचं, साहेब. मी त्यातला एक कुठला, तेवढं शिकवलं."

"परिपत्रक वाचलं नाही?"

"आलं असतं तर वाचलं असतं."

"संकेतस्थळावर होतं."

"मुलं घरी पुस्तकात होती, साहेब."

साहेबांनी पेपरवेट फिरवला. तेव्हा सर म्हणाले, "एक विनंती आहे. मुलांना एकेकटं बोलवा. मी बाहेर थांबतो, खिडकीतूनही दिसणार नाही. प्रश्नपत्रिकेच्या सूचना काय, एवढंच विचारा." आणि साहेबांनी, बहुधा जेवायला अजून अवकाश होता म्हणून, विचारलं. एकेक मूल आत आलं आणि एकेक मूल त्याच चालीवर तेच म्हणून गेलं. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, तिसरा... पाचव्याला आवाज आपोआप चढायचा आणि साहेबांपुढं आपण ओरडलो, हे लक्षात येऊन मूल गप्प व्हायचं. शबाना नावाची मुलगी तर रडत रडत म्हणाली, पण चाल सोडली नाही. बाबूच्या पायानं खाली ठेका धरलेला मी पाहिला. खोलीतल्या प्रत्येकाला खरं काय ते समजलं होतं. समजणं आणि लिहून देणं यांत किती अंतर असतं, हे मला अजून कळायचं होतं.

निर्णय आला तो असा: 'संशयाचा फायदा देऊन निकाल जाहीर करण्यात येत आहेत.' फायदा! सरांनी ते पत्र शिक्षकखोलीत मोठ्यानं वाचलं. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी टेबलावरचे कप हलले. "संशयाचा फायदा कसला देता? संशय काढा आणि फायदा तुमच्याकडं ठेवा!" निकाल हाती आला तेव्हा तंत्रनिकेतनाच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. ज्योतीला तिथं जायचं होतं, यंत्रांचं वेड होतं तिला, मार्कही होते. ती गावातल्या कॉलेजात कला शाखेला बसली. तांड्यावर मात्र तिची ओळख झाली, 'ती कॉपीत सापडलेली.' संस्थेनं सरांना 'चुकीचे मार्गदर्शन व सूचनांचे उल्लंघन' अशी ताकीद दिली. पुढच्या वर्षी कुठल्याच पालकानं पोराला फारसी घेऊ दिली नाही. विषय बंद झाला. मुनीरसरांना कार्यानुभव दिला. फारसी शिकवणारा माणूस निवृत्त होईपर्यंत मुलांकडून कागदी पाकिटं करून घेत होता आणि अध्यक्ष पाहुण्यांना ती पाकिटं कौतुकानं दाखवत होते.

स्वतःच्या ताकिदीबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. त्यांना हवं होतं एकच वाक्य, मंडळाच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी: या मुलांनी कॉपी केली नव्हती. त्यासाठी ते अर्ज करत राहिले. ज्योतीनं पुढं बसस्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं, तेव्हा तिथूनच. ते स्टुलावर बसून सांगायचे आणि ज्या मुलीसाठी अर्ज, तीच टाइप करायची. "सर, सोडा की आता," ती म्हणायची. "मला कोन इचारतंय?" सर म्हणायचे, "मी विचारतोय ना." एकदा उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. विहित नमुन्यात केला, तर तोवर नमुना बदलला होता. मी चिडले की ते हसायचे. "बाई, चिडू नका. सुसूत्रीकरण चाललंय." मला मात्र ते हसणं बघवत नसे. शेवटचा अर्ज पाठवून ते दुकानातून निघाले, घरी गेले, छातीत दुखतंय म्हणाले. सोलापूरला नेईपर्यंत...

मी सरांच्या घरी गेले तेव्हा भाभी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "गाडीत डालते वखत भी इत्ताच पूछे, बाई. जवाब आया क्या?"

गेल्या आठवड्यात शाळेनं शोकसभा घेतली. सभागृहात कसल्याशा सत्काराची तयारी चालू होती, म्हणून सभा झाली सरांच्याच जुन्या खोलीत. पितळी पाटी आता 'डिजिटल कक्ष' अशी आहे. आतले संगणक अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आहेत. मागच्या भिंतीवरचा फळा तसाच होता, कुणी नवा आणला नाही आणि जुना काढला नाही. अध्यक्षांनी येण्याआधीच मला निरोप धाडला होता, "बाईंनी बोलावं, पण त्या प्रकरणाबद्दल नको." मग मी बोललेच नाही. अध्यक्ष बोलले. सूचनांचे काटेकोर पालन, हेही बोलले. मुनीरसर असते तर बशी माझ्याकडं सरकवून उठून गेले असते.

दाराशी एक मोठा पांढरा फलक लावला होता आणि दोरीला पेन बांधलं होतं. फलकाच्या डोक्यावर छापलेलं: 'सूचना: कृपया एका वाक्यात भावना व्यक्त कराव्यात. नाव व पद लिहावे.' माणूस गेल्यावरही सूचना असतेच. संस्थेची माणसं लिहून गेली, 'विनम्र अभिवादन', 'भावपूर्ण आदरांजली', खाली नावं, पदं, माजी पदं. मग मागं उभी असलेली सरांची मुलं पुढं आली. मुलं कसली, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाचं टक्कल पडलेलं. शबाना होती. ज्योती दुकान बंद करून आली होती. एकेकानं पेन घेतलं, उजवीकडून डावीकडं एक शब्द लिहिला, आणि पेन पुढच्याच्या हातात दिलं. नाव नाही, पद नाही. एकाखाली एक, तोच शब्द, फलकाच्या तळापर्यंत.

अध्यक्ष जाता जाता थांबले. "हे काय? सगळ्यांनी एकच लिहिलंय?" आणि आपल्या विनोदावर आधीच खूश होत म्हणाले, "कॉपी केली की काय?"

बाजूची चार माणसं हसली. ज्योती हसली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं.

मला ती लिपी येत नाही. तेवढा एक शब्द मात्र ओळखता येतो, भिंतीपलीकडं राहून शिकलेला. मी पेन घेतलं. वरची सूचना मी या वेळी नीट वाचली, बोट ठेवून वाचली. एक वाक्य, नाव, पद. खाली थोडी जागा उरली होती, तिथं लिहिलं: 'या मुलांनी कॉपी केली नव्हती.' मग नाव लिहिलं. मग पद लिहिलं, मराठीची शिक्षिका, निवृत्त. मंडळाचा शिक्का माझ्याकडं नाही.

अध्यक्ष गेले. खोली रिकामी झाल्यावर शिपायानं फलक उतरवायला घेतला, तर ज्योती म्हणाली, "थांबा, मामा." ती मागच्या फळ्याशी गेली. संगणकाच्या वायरींमागं, खालच्या कोपऱ्यात, कुणीच न पुसलेल्या तीन रंगांत प्रश्नपत्रिकेच्या जुन्या सूचना, खाली मराठीतही, अजून होत्या. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा... पाचव्यापाशी खडू थोडा फिकटला होता. तिनं खिशातून हातरुमाल काढला, आणि मला वाटलं ती पुसणार. तिनं आजूबाजूची धूळ तेवढी पुसली, अक्षरांना हात न लावता.